दोन खांबांमधली एकच जागा

मडगावच्या फातोर्डा मैदानावर 20 डिसेंबर 2015 रोजी इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना झाला. 87 व्या मिनिटाला एफसी गोवा संघानं 2-1 अशी आघाडी घेतली, तेव्हा घरच्या प्रेक्षकांनी चषक आपलाच धरला होता. नव्वदाव्या मिनिटाला गोलपुढच्या झटापटीत चेंडू गोव्याच्याच गोलरक्षकाकडून जाळ्यात गेला. स्वयंगोल म्हणून नोंद झाली आणि पुढे नाव लागलं लक्ष्मीकांत कट्टीमणीचं. पाठोपाठ प्रतिस्पर्धी चेन्नईयिननं आणखी एक गोल करून सामना 3-2 असा फिरवला. त्याच सामन्यात कट्टीमणीनं एक पेनल्टी अडवली होती. पण परतून आलेल्या चेंडूवर गोल झाला आणि ती अडवणूक विसरली गेली.

बरोबर सहा वर्षं तीन महिन्यांनी, 20 मार्च 2022 ला, तोच गोलरक्षक त्याच मैदानावर पुन्हा अंतिम सामना खेळत होता. आता अंगावर हैदराबादची जर्सी होती आणि समोर केरळ ब्लास्टर्स. सामना 1-1 असा बरोबरीत सुटला. टायब्रेकरमध्ये कट्टीमणीनं तीन फटके अडवले आणि हैदराबाद विजेता ठरला. तेव्हा तो 32 वर्षांचा होता.

गोलरक्षकाचा पेशा समजून घ्यायला या दोन तारखा पुरेशा आहेत. मात्र गोष्ट इथं संपत नाही. विजेत्या हैदराबाद क्लबमध्ये दोन वर्षांच्या आत खेळाडूंचे पगार थकले, अनेक खेळाडू करार सोडून गेले आणि 2025 मध्ये त्या क्लबचं बिऱ्हाडच दिल्लीला गेलं. मैदानावर सहा वर्षांनी न्याय मिळाला, पण ज्या घरासाठी तो मिळवला ते घरच उभं राहिलं नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या पालकांनी, शिक्षकांनी आणि क्रीडा अधिकाऱ्यांनी ही गोष्ट शेवटापर्यंत वाचायला हवी. कारण प्रश्न आपल्या दारातला आहे: आश्रमशाळेतल्या एखाद्या उंच, चपळ, न घाबरणाऱ्या पोराला किंवा पोरीला आपण गोलरक्षक होण्याच्या वाटेला लावावं का? छंद म्हणून खेळण्याबद्दल कुणाचं दुमत नसेल. इथं विचार पोटापाण्याचा आहे.

वाटेला लावावं असं म्हणणाऱ्यांची बाजू आधी मांडू, कारण ती वरवर वाटते त्याहून भक्कम आहे.

फुटबॉलमधल्या बाकीच्या जागांसाठी पाय फार लहानपणी घडावे लागतात. सहाव्या-सातव्या वर्षापासून चेंडू पायाशी खेळलेला मुलगा आणि चौदाव्या वर्षी सुरुवात करणारा मुलगा यांच्यातली दरी सहसा भरून निघत नाही. गोलरक्षकाचं भांडवल मात्र निम्मं हातात असतं. झेल, उडी, पडणं, पडून लगेच उठणं, चेंडूच्या उड्डाणाचा अंदाज या गोष्टी दुसऱ्या खेळांतूनही येतात. 1956 च्या मेलबर्न आणि 1960 च्या रोम ऑलिम्पिकमध्ये भारताच्या संघात असलेले एस. एस. नारायण मुंबईच्या माटुंग्यात वाढले आणि फुटबॉलइतकेच बास्केटबॉलमध्येही रमले. 1958 मध्ये आशियातला सर्वोत्तम गोलरक्षक म्हणून गौरवलेले पीटर थंगराज लष्करात सुरुवातीला आघाडीला खेळत. गोलपोस्टखाली ते नंतर आले.

आपल्याकडे हे हात आहेत. आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्पस्तरीय स्पर्धांत दरवर्षी कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, हँडबॉलचे संघ उतरतात. गडचिरोली पोलीस वीर बाबुराव शेडमाके यांच्या नावानं व्हॉलीबॉल आणि बिरसा मुंडांच्या नावानं कबड्डी स्पर्धा भरवतात, तेव्हा दुर्गम गावांतले संघ मैदानात येतात. व्हॉलीबॉलच्या जाळीजवळ उंच उडणारा आणि हँडबॉलच्या गोलात उभा राहणारा मुलगा फुटबॉलच्या 7.32 मीटर रुंद आणि 2.44 मीटर उंच चौकटीपासून फार दूर नसतो.

दुसरा मुद्दा वयाचा. आघाडीचा खेळाडू तिशी ओलांडली की उताराला लागतो. गोलरक्षक बहुधा तिथून पिकू लागतो. इटलीचा दिनो झॉफ 1982 मध्ये विश्वचषक उचलताना चाळीस वर्षांचा होता. इजिप्तचा एसाम अल हदारी 2018 च्या विश्वचषकात 45 व्या वर्षी खेळला आणि त्यानं त्या सामन्यात पेनल्टीही अडवली. आपल्या शेजारच्या गोव्यात ताळगावचे ब्रह्मानंद शंखवाळकर 1983 ते 1986 या काळात भारताचे कर्णधार होते. त्यांना अर्जुन पुरस्कार 1997 मध्ये आणि पद्मश्री 2022 मध्ये मिळाली. या जागेचं चीज उशिरा होतं, पण ते दीर्घ असतं.

तिसरा मुद्दा बाजाराचा, आणि तो सहसा बोलला जात नाही. भारतीय क्लब परदेशी खेळाडूंवर पैसे खर्च करतात तेव्हा ते गोल करणारे, मधली फळी चालवणारे किंवा बचावात उभे राहणारे धिप्पाड खेळाडू आणतात. परदेशी खेळाडूंची संख्या मर्यादित असल्यामुळे ती जागा गोलरक्षकावर घालवायला कुणी तयार नसतं. परिणामी अव्वल लीगमधले जवळजवळ सगळे गोलरक्षक भारतीय आहेत. ब्राझील किंवा स्पेनच्या खेळाडूशी स्पर्धा न करता भारतीय पोराला जिथं उभं राहता येतं, अशी ही मैदानावरची जवळपास एकमेव जागा आहे.

मुलींच्या बाबतीत ही बाजू आणखी वजनदार होते. जुलै 2025 मध्ये भारतीय महिला संघानं थायलंडला थायलंडमध्येच 2-1 असं हरवून आशिया चषकाची पात्रता मिळवली. त्या संघाच्या गोलात मणिपूरची पंथोई चानू होती. 2022 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताची कर्णधार झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली अष्टम उरांव होती. गुमला आणि गडचिरोली यांची जंगलं, शेती, रस्ते आणि दारिद्र्य एकमेकांना अनोळखी नाहीत.

आता दुसरी बाजू. तीही तितक्याच सरळपणे मांडायला हवी, कारण तिची किंमत पोरांच्या आयुष्यातल्या वर्षांनी मोजली जाते.

संघात अकरा जण खेळतात आणि गोलरक्षक एकच असतो. 2024-25 च्या हंगामात अव्वल लीगमध्ये 13 क्लब होते. म्हणजे सगळ्या देशात एका वेळी गोलपोस्टखाली उभे राहणारे तेरा. प्रत्येक क्लबमध्ये आणखी दोन-तीन गोलरक्षक असतात. ते रोज सराव करतात, संघाबरोबर प्रवास करतात आणि बाकावर बसून परत येतात. बचावपटूला दुसऱ्या जागेवर हलवता येतं, मधल्या फळीतल्या खेळाडूला शेवटच्या वीस मिनिटांसाठी उतरवता येतं. दुसऱ्या गोलरक्षकाला मात्र पहिल्याच्या दुखापतीची किंवा चुकीची वाट पाहावी लागते. ही वाट तीन-तीन वर्षं चालते. घरी पैसे पाठवायची घाई असलेल्या कुटुंबाला हे समजावणं फार कठीण आहे.

आणि क्लब तरी टिकतात का? महाराष्ट्राचाच अनुभव पाहावा. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडनं 2005-06 चं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं आणि 2010 मध्ये संघ बंद झाला. पुणे एफसी गेला, मुंबई एफसी 2017 नंतर उरला नाही, एफसी पुणे सिटी 2019 मध्ये संपला. जुलै 2025 मध्ये तर इंडियन सुपर लीगचा पुढचा हंगामच व्यावसायिक हक्कांच्या करारावरून अडकला. काही क्लबांनी कामकाज थांबवलं, बंगळुरूसारख्या नावाजलेल्या क्लबनं पहिल्या संघाचे पगार रोखले. देशासाठी खेळलेल्या माणसांची ही अवस्था असेल, तर एटापल्लीहून गेलेल्या एकोणीस वर्षांच्या राखीव गोलरक्षकानं कुणाकडे पाहायचं?

नारायण आणि थंगराज यांच्या काळात पैसा थोडा होता, पण जोखीम वाटून घेतलेली होती. नारायण कॅल्टेक्स आणि टाटा यांसारख्या कंपन्यांच्या संघांतून खेळले. थंगराज लष्करात होते, पुढे बोकारो पोलाद प्रकल्पात स्थिरावले. खेळ थांबला तरी पगार थांबत नसे. आजच्या करारात रक्कम मोठी असू शकते, पण करार संपला की खेळाडूची जबाबदारीही संपते. तेव्हाची जोखीम कंपनी उचलत होती, आताची बहुतांशी खेळाडूच्या डोक्यावर आहे. आम्हांला या सगळ्या चर्चेचं मर्म इथं दिसतं.

या जागेचा एक मानसिक हिशेबही आहे. आघाडीच्या खेळाडूनं पाच संधी घालवून सहावीवर गोल केला तर तो नायक ठरतो. गोलरक्षकानं पाच फटके अडवून सहावा सोडला तर सगळ्यांना सहावाच आठवतो. 1950 च्या विश्वचषकात रिओच्या माराकाना मैदानावर उरुग्वेकडून हरल्यावर ब्राझीलच्या बार्बोझा या गोलरक्षकाला एका गोलाचा दोष मरेपर्यंत, म्हणजे पुढची पन्नास वर्षं, चिकटून राहिला. शरीराचा धोकाही खरा आहे. डिसेंबर 2004 मध्ये बंगळुरूत फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात डेम्पोचा ब्राझिलियन खेळाडू क्रिस्तियानो ज्युनियर गोल करताना मोहन बागानच्या गोलरक्षकाशी आदळून कोसळला आणि त्याचा मृत्यू झाला. अशा क्षणाचं ओझं जो वाचतो त्यालाही वाहावं लागतं. पंधरा वर्षांच्या मुलाला या जागी उभं करताना त्याच्याशी बोलायला जवळ कुणीतरी जाणतं माणूस हवं. दीडशे-दोनशे किलोमीटरवर घर असलेल्या वसतिगृहातल्या मुलाला ते आपोआप मिळत नाही.

या दोन जिल्ह्यांच्या म्हणून काही अडचणी आहेत, त्या देशाच्या सरासरीत दिसत नाहीत. सिरोंच्याहून जिल्ह्याचं ठिकाण गाठायचं तर दोनशे किलोमीटरच्या घरात प्रवास आहे. पावसाळ्यात पर्लकोटा फुगली की भामरागडचा संपर्क तुटतो आणि शाळांच्या स्पर्धांचे महिने नेमके तेव्हाच सुरू होतात. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा पारा 45 अंशांच्या वर जातो, म्हणजे सुट्टीतलं शिबिर पहाटेच उरकावं लागतं. व्यावसायिक क्लब गोलरक्षक निवडताना आधी उंची पाहतात. बालपणीच्या कुपोषणानं ज्याची उंची खुंटली त्याचा दोष काय, हा प्रश्न निवड समितीपुढे कुणी मांडत नाही.

आणि सिकलसेल. पूर्व विदर्भात हा आजार आणि त्याचे वाहक मोठ्या प्रमाणावर आहेत. आजार असलेल्याला अतिश्रम झेपत नाहीत. वाहक बहुधा निर्धास्त खेळू शकतात, पण तीव्र उन्हात, पाणी न पिता, अचानक वाढवलेल्या कसरतीत त्यांच्याही जिवावर बेतू शकतं. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेनं 2010 पासून अव्वल विभागातल्या खेळाडूंच्या बाबतीत सिकलसेल-वाहकांची तपासणी गांभीर्यानं घेतली. आपल्याकडे 1 जुलै 2023 पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे. पण शिबिराला मूल येतं तेव्हा त्याचं तपासणी कार्ड प्रशिक्षकाच्या हातात हवं. ते कपाटात राहून उपयोग नाही.

तिसरी बाब पर्यायाची. पहाटे आरमोरी किंवा मूलच्या रस्त्यानं गेलं तर भरतीची तयारी करणारी पोरं धावताना दिसतात. 1600 मीटर, 100 मीटर, गोळाफेक. पोलीस शिपायाची नोकरी आली की घरात पगार, निवृत्तीपर्यंतची शाश्वती आणि गावात मान येतो. फुटबॉलच्या नादी लावून आपण पोराची ही संधी हिरावून घेत नाही ना, ही बापाची शंका अडाणी म्हणून झटकता येणार नाही. ती हिशेबी आहे.

पण हाच हिशेब पुढे नेला तर एक वेगळी गोष्ट दिसते. पोलीस भरतीची कमाल वयोमर्यादा खुल्या प्रवर्गासाठी 28 आणि मागासवर्गीयांसाठी 33 वर्षं आहे. राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. म्हणजे एकविसाव्या वर्षापर्यंत गोलरक्षक होण्याचा प्रामाणिक प्रयत्न करून जो परत येईल, त्याच्यासाठी दार बंद झालेलं नसेल. फक्त दोन गोष्टी हव्यात: त्याच्याजवळ बारावीचं गुणपत्रक असावं आणि दर्जेदार स्पर्धांची अधिकृत प्रमाणपत्रं असावीत. ज्याच्या हाती यातलं काही नसतं तेच पोरगं कुठलंच राहत नाही. हानी फुटबॉलनं होत नाही. शाळा सोडून, कागद न जपता, कुणाच्या तोंडी आश्वासनावर गेल्यानं होते.

अदिती चौहान हे या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगं नाव आहे. भारताची ही गोलरक्षक 2015 मध्ये इंग्लंडच्या वेस्ट हॅमकडून खेळली, आणि ती तिथं गेली होती लफबरो विद्यापीठात क्रीडा व्यवस्थापन शिकायला. खेळानं तिला श्रीमंत केलं नाही, पण शिक्षणानं तिला खेळाच्या जगात उभं राहायला दुसरी जागा दिली. 2025 मध्ये निवृत्त होईपर्यंत तिनं मुलींसाठी स्वतःची अकादमीही उभी केली होती.

संस्थात्मक उदाहरण आपल्या अगदी शेजारी आहे. भामरागडच्या पूर्वेला अबूझमाडचे डोंगर आणि त्यापलीकडे छत्तीसगडचं नारायणपूर. तिथं रामकृष्ण मिशनचा आश्रम 1985 पासून आहे. एकाच आवारात शाळा, वसतिगृह आणि मैदान. त्या आश्रमाच्या अकादमीचा संघ राज्याच्या लीगमध्ये खेळतो आणि 2024 मध्ये 20 वर्षांखालील मुलांची राष्ट्रीय स्पर्धा त्याच आवारात झाली. त्याच जंगलात, त्याच नक्षल संघर्षाच्या छायेत हे घडलं. तिथं काम झालं ते चाळीस वर्षं एका जागी टिकून राहिल्यानं.

आपल्यालाही टिकून राहण्याचीच परीक्षा द्यायची आहे. मोठा पराक्रम आपण एकदा करून दाखवला आहे. मे 2018 मध्ये मिशन शौर्य मोहिमेतून चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांच्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केलं. या मुलांच्या अंगात काय आहे, याचा पुरावा आणखी मागायची गरज उरली नाही. पण शिखर एका सकाळी गाठता येतं. गोलरक्षकाला वीस वर्षं रोज सकाळी मैदानावर यावं लागतं, आणि त्याच्यामागे उभ्या राहणाऱ्या यंत्रणेलाही.

दोन्ही पारडी पाहिल्यावर आमचं मत वाटेला लावण्याच्या बाजूला झुकतं, पण ते अटींसह. निवड तेराव्या ते पंधराव्या वर्षी आणि हँडबॉल, व्हॉलीबॉल, कबड्डीच्या मैदानांवरून व्हावी. मुली आणि मुलगे सारख्या संख्येनं घ्यावेत. बल्लारपूरजवळच्या विसापूर क्रीडा संकुलासारखी जागा हाताशी आहे. तिथं 2023 च्या डिसेंबरात राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा झाल्या. तिथं निदान एक गोलरक्षक-प्रशिक्षक पूर्णवेळ नेमावा. गोलरक्षकाला संघाच्या कोपऱ्यात उभं करून बाकीच्यांकडून फटके मारून घेणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे. धान कापल्यावर रिकाम्या बांधीत दोन बांबू रोवून पोरं खेळतात, तेव्हा सगळ्यांत लहान किंवा सगळ्यांत कमकुवत पोराला गोलात उभं करतात. आपल्या शिबिरांतून आधी ही खोड मोडायला हवी.

बारावी होईपर्यंत मुलानं जिल्हा सोडू नये, किंवा सोडला तर शिक्षणाची लेखी हमी देणाऱ्या निवासी अकादमीतच जावं. एकविसाव्या वर्षी प्रशिक्षक, पालक आणि खेळाडू यांनी एकत्र बसून मोकळेपणानं हिशेब करावा: पुढे जायचं की परतायचं? परतणाऱ्यासाठी गोलरक्षक-प्रशिक्षकाचा परवाना-अभ्यासक्रम, शारीरिक शिक्षणाची पदवी किंवा भरतीची तयारी यांचा खर्च आधीच राखून ठेवावा. वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणी, चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र, भद्रावतीचा आयुध कारखाना, बल्लारपूरची कागद गिरणी आणि आता कोनसरीचा पोलाद उद्योग या मातीवर उभे आहेत. थंगराज यांना जे बोकारोत मिळालं, ते दरवर्षी चार-पाच खेळाडूंना देणं यांना जड नाही.

या अटी पाळता येत नसतील तर स्वप्न विकू नये. मग नागपूरच्या विजय बारसे यांनी 2001 पासून झोपडपट्टीतल्या मुलांसाठी जे केलं ते करावं. पोटापाण्याचा वायदा न करता पोरांच्या हाती चेंडू द्यावा, खेळू द्यावं आणि त्यातून त्यांचं आयुष्य जितकं सावरेल तितकं सावरू द्यावं. तेही लहान काम नाही.

एटापल्लीच्या एखाद्या घरी क्रीडा अधिकारी जाईल, पोरीच्या उंचीचं आणि हातांचं कौतुक करील, तेव्हा तिची आई सगळं ऐकून घेईल आणि शेवटी एकच विचारील: "अन् नाही जमलं त?" या प्रश्नाचं उत्तर सहीशिक्क्यानिशी कागदावर असेल, त्या दिवशी तिच्या पोरीच्या हातात ग्लोव्ह्ज खुशाल द्यावेत.